किल्ली ‘सर्व्हिस’वर

पुणे, जूनचा शेवटचा आठवडा

चि. छोटीस,


तू पाठवलेले फोटो मोठे करकरून पाहिले. मागच्या पट्टीवर ७०१२-३२० असं लिहिलेलं स्पष्ट दिसतंय, म्हणजे हे आयबीएमचं आरएस/६०००, मॉडेल ३२०. कीबोर्डही त्याच्याच जोडीचा वाटतो. प्रयोगशाळेच्या भंगारातून किलोच्या भावाने उचललंस ते छान केलंस. पण ‘रविवारी चालू करून बघते’ असं खाली लिहिलंयस, म्हणून हे पत्र घाईने. रविवारी चालू करू नकोस. त्याच्या पुढच्या रविवारीही नको.

तुला काळजी आहे ती आतल्या बोर्डांची. मला आहे पॉवर सप्लायची. आधी मागची पट्टी पुन्हा वाच, इनपुट किती व्होल्टचा लिहिलाय ते बघ आणि निवडीचा खटका आहे का तेही बघ. परदेशात वापरून इकडे आलेल्या कित्येक यंत्रांचा खटका ११५ वर राहिलेला असतो, आणि आपल्या भिंतीतून येतात २३०. मग डबा उघड. प्लग काढला म्हणजे आतली वीज गेली असं समजू नकोस. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय झाला की मुख्य कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास डीसी साठतो, आणि त्याला रिकामा करणारा रेझिस्टर तुटलेला असला तर तो बराच वेळ तिथे दबा धरून बसतो. मीटरवर शून्य दिसेपर्यंत आत बोट घालायचं नाही.

मेन्सची वायर जिथे आत शिरते तिथे पिवळसर, अर्धपारदर्शक चौकोनी कपॅसिटर आहेत का पाहा. आत धातूचा थर दिलेला कागद गुंडाळलेला असतो. वर्षं गेली की आवरणाला बारीक चिरा पडतात, चिरांतून दमट हवा आत जाते, आणि वीज लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांत तो फटाक्यासारखा फुटतो. खोलीभर असा उग्र धूर होतो की वहिनी यंत्रासकट तुला बाहेर काढतील. कोल्हापूरचा पाऊस आत्ता लागलाय हे विसरू नकोस. असे कपॅसिटर असतील तर चिरा दिसोत न दिसोत, बदल. आणि जागेवर एक्स-२ लिहिलेलेच घाल, कारण ते मेन्सवर आडवे बसतात आणि साध्या कपॅसिटरचं तिथे काम नाही. मोठे इलेक्ट्रोलायटिक फुगलेत का, बुडाशी चिकट डाग आहे का, तेही बघून घे. तुमच्याकडे मिळालं नाही तर कळव, मी तपकीर गल्लीतून आणून पाठवतो.

त्यानंतर सिरीज लॅम्प. नव्या पोरांना हा प्रकार जुनाट वाटतो, पण शंभर वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावून पहिल्यांदा वीज देण्याइतकी स्वस्त विमा पॉलिसी नाही. बल्ब क्षणभर लखलखून मंद झाला तर पुढे जा. भक्क पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांब. काही स्विचिंग सप्लाय भार नसताना सुरूच होत नाहीत, तेव्हा आउटपुटवर थोडा भार जोड, म्हणजे चांगला सप्लाय मेला असं वाटून तू तो फेकून द्यायची नाहीस. आणि हे सगळं एकटीने नको. मेन स्विच कुठे आहे हे ठाऊक असलेला एक माणूस जवळ उभा हवा.

आता यंत्राबद्दल. आरएस/६००० घराणं आयबीएमने फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आणलं. ३२० हे त्यातलं टेबलावर बसणारं, २० मेगाहर्ट्‌झचं. पॉवर नावाच्या त्या रचनेचा प्रोसेसर तेव्हा एका चिपमध्ये मावत नव्हता; सूचना उचलणारी चिप वेगळी, पूर्णांकांची वेगळी, अपूर्णांकांची वेगळी, कॅश सांभाळणाऱ्या आणखी वेगळ्या. आपल्याकडे आयबीएम १९७८ मध्ये गाशा गुंडाळून गेली होती, ती १९९२ मध्ये टाटांच्या जोडीने परत आली. कॅटियासारखी त्रिमितीय आराखड्यांची सॉफ्टवेअर या घराण्याच्या यंत्रांवर चालत, म्हणून गाड्यांचे भाग काढणाऱ्या डिझाइन विभागांत ती दिसायची. ज्याच्या टेबलावर हे यंत्र असे तो माणूस ऑफिसात जरा ताठ चालायचा, एवढं मी पाहिलंय.

पण मला तुझं लक्ष वेधायचंय ते समोरच्या दोन वस्तूंकडे: तीन आकड्यांची छोटी खिडकी आणि किल्लीचं कुलूप. किल्लीच्या तीन जागा आहेत, नॉर्मल, सिक्युअर आणि सर्व्हिस. नॉर्मलवर यंत्र रोजच्या डिस्कवरून उठतं. सर्व्हिसवर ते वेगळ्या यादीने उठतं, दुरुस्तीची टेप, फ्लॉपी किंवा सीडी शोधतं आणि तपासणीच्या पडद्यावर जातं. सिक्युअरवर उठतच नाही, खिडकीत २०० दाखवून थांबतं. तुझ्या फोटोत खाच सिक्युअरकडे वळलेली दिसते आणि किल्ली मिळाली नाही असं तू लिहिलंयस. म्हणजे सगळं ठीक असलं तरी तुला २०० दिसणार, आणि यंत्र मेलं असं वाटणार. एखादा चांगला कुलूपवाला गाठ. ड्रिल मारून कुलूप फोडू नकोस.

हे यंत्र करणाऱ्यांनी दुरुस्तीला येणारा माणूस धरूनच आराखडा काढला होता. त्याच्यासाठी दर्शनी भागावर, लोगोच्या बरोबरीने, जागा ठेवली होती. आजच्या लॅपटॉपचं पोट उघडलं की बॅटरी डिंकाने चिकटवलेली सापडते आणि बिघाड झाला तर पडदा काळा होतो, एवढंच. इथे पडदा नसला तरी यंत्र बोलतं. वीज मिळाल्यावर आकडे भराभर पळतात: एकशेच्या घरातले आकडे चिपांच्या स्वतःच्या चाचणीचे, दोनशेच्या घरातले मेमरी तपासण्याचे आणि उठायला डिस्क शोधण्याचे, पाचशेच्या घरातले ऑपरेटिंग सिस्टिम उभी राहत असल्याचे. २२३ आणि २२९ यांच्यात आलटून पालटून घोटाळत राहिलं तर उठायला काही सापडत नाहीये. ५५३ वर अडकलं तर यंत्र बहुतेक शाबूत आहे. मुख्य फाइल सिस्टिम भरली असेल किंवा इनिटटॅबची फाइल बिघडली असेल. सी३१ म्हणजे कोणता पडदा वापरू असा प्रश्न आहे, उत्तर दे. आणि ८८८ लुकलुकायला लागलं तर घाबरून बंद करू नकोस. रिसेटचं बटण एकेकदा दाब, दर दाबाला पुढचा आकडा येतो. १०२ आला तर सॉफ्टवेअर कोसळलंय, १०३ आला तर हार्डवेअर, आणि पुढच्या आकड्यांत कोणता भाग तेही दडलेलं असतं. एक वही कर आणि दिसेल तो प्रत्येक आकडा त्यात उतर. फोनवर व्हिडिओ काढलास तरी वहीत लिही, कारण लिहिताना माणूस बघतो.

या घराण्याची एक गंमत सांगतो, तुझ्या हॉस्टेलात सांगायला उपयोगी पडेल. ३२० नंतर आयबीएमने हाच संसार एका चिपमध्ये कोंबला आणि १९९२ च्या मॉडेल २२० मध्ये बसवला. त्याच चिपची किरणोत्सर्ग सोसणारी आवृत्ती रॅड६००० या नावाने अवकाशात गेली. ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरमध्ये तीच होती, आणि २००४ मध्ये उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या गाड्यांमध्येही. पाथफाइंडर उतरल्यावर काही दिवसांत आपोआप रिसेट व्हायला लागलं. हवामानाचं काम करणारा कमी महत्त्वाचा प्रोग्रॅम एक सामायिक कुलूप धरून बसे, मधल्या दर्जाचे दुसरे त्याला पुढे सरकू देत नसत, आणि वरच्या दर्जाचा महत्त्वाचा प्रोग्रॅम त्या कुलपासाठी ताटकळत राही. मग राखणदार घड्याळ सगळंच पुन्हा सुरू करी. पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तोच बिघाड घडवून मोहिमेच्या अभियंत्यांनी कारण शोधलं आणि एक सेटिंग बदलायचा संदेश मंगळावर पाठवला. हे जमलं कारण उड्डाणाच्या सॉफ्टवेअरमधून नोंदी ठेवणारा भाग आणि बाहेरून बदल करता येण्याची सोय त्यांनी काढून टाकली नव्हती. तुझ्या खिडकीतले तीन आकडे याच जातीचे. (बुद्धिबळात कास्पारॉव्हला १९९७ च्याच मे महिन्यात हरवणारं डीप ब्लू हेही आरएस/६००० च होतं, पण ती गोष्ट तुला कोणीही सांगेल.)

डिस्क. सप्लाय तपासून झाला की हात शिवशिवतील, तरी मूळ डिस्कवरून यंत्र उठवायचं नाही. ती काढ, स्कझी कार्ड असलेल्या एखाद्या पीसीला जोड आणि डीडी या आज्ञेने पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत प्रत घे. तीस-पस्तीस वर्षांच्या बेअरिंगांना एकच फेरी जमणार असेल तर ती प्रत घेण्यात खर्ची पडावी. पुढे स्कझी डिस्कची नक्कल करणारं एसडी कार्डाचं छोटं बोर्ड लाव, ब्लूस्कझी किंवा तसलं काही, आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर कर. साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर हवा, मध्ये नको. मूळ डिस्क कोरड्या पिशवीत सिलिका जेल घालून ठेवून दे.

त्या प्रतीत तुला कोणाचा तरी प्रबंध, पगारपत्रकं, पत्रं सापडतील. ती वाचायची नाहीत. सिस्टिमच्या फाइल हव्या तेवढ्या चाळ, पण माणसांच्या घरांची दारं बंद राहू दे. ओळख पटली आणि कोणाला स्वतःचं काम परत हवं असेल तर तेवढं काढून दे. याबाबतीत ‘शिकायला उपयोग होतो’ हे कारण मी ऐकून घेणार नाही.

रूटचा पासवर्ड कोणालाच माहीत नसणार, त्याची चिंता नको. यंत्रावरच्या एआयएक्स या आयबीएमच्या ऑपरेटिंग सिस्टिमची त्याच आवृत्तीची मूळ टेप किंवा सीडी मिळव, किल्ली सर्व्हिसवर, देखभालीच्या पर्यायात जाऊन गेटरूटएफएस ही आज्ञा चालव आणि पासवर्ड बदल. बॅटरी संपल्यामुळे उठण्याच्या डिस्कांची यादीही पुसली गेली असेल. नवी बॅटरी घातल्यावर बूटलिस्ट ही आज्ञा देऊन ती पुन्हा लिही. नवी एआयएक्स टाकायची हौस आली तर या मायक्रोचॅनलच्या यंत्रांची मजल ५.१ पर्यंत, पुढच्या आवृत्तीने त्यांचं नाव काढून टाकलं. पण ३२० ला तेवढं ओझं झेपायचं नाही, तू आपली ३.२ वरच राहा. चित्रांचा पडदा लागलाच तर स्मिट हे एआयएक्सचं देखभालीचं साधन उघड. काम चालू असताना त्यात एक छोटा माणूस पळत असतो, जमलं की हात वर करतो, फसलं की तोंडावर आपटतो. आयबीएमवाल्यांना विनोदबुद्धी नव्हती असं म्हणणाऱ्यांना मी हा दाखवत असे. मॉनिटर जोडताना मात्र हिरव्या रंगाच्या तारेतूनच सिंकचा सिग्नल येतो हे ध्यानात ठेव. पुष्कळ नव्या पडद्यांना ते कळत नाही आणि ते ‘सिग्नल नाही’ म्हणून मोकळे होतात.

आता कीबोर्ड, ज्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस: ‘काही बटणं दबतात पण आवाज येत नाही.’ हा मॉडेल एम. याचं मूळ आयबीएमच्या टाइपरायटरांमध्ये आहे. विजेच्या टाइपरायटरवर बसलेल्या माणसाला बोटाखाली ‘लागलं’ असं कळायची सवय होती, आणि ती सवय पडद्यासमोरही मिळावी म्हणून कंपनीने पुष्कळ खटपट केली. रिचर्ड हंटर हॅरिस या अभियंत्याच्या नावावर त्याचं पेटंट आहे, १९७८ सालचं. प्रत्येक बटणाखाली एक उभी स्प्रिंग. बटण दाबत गेलीस की ती आवळत जाते आणि एका टप्प्यावर एकदम कडेला वाकते. त्या झटक्याने तळाची छोटी प्लॅस्टिकची पट्टी कलते आणि खालच्या पातळ पडद्यावर ठोका देते. टक् हा आवाज स्प्रिंग नळीच्या भिंतीवर आपटल्याचा. म्हणजे अक्षर उमटण्याचा क्षण, बोटाला जाणवण्याचा क्षण आणि कानाला ऐकू येण्याचा क्षण एकच. आवाज मुद्दाम वरून चिकटवलेला नाही. त्यामुळे तुझी ती एक ओळ निदान म्हणून पुरेशी आहे: आवाज नाही म्हणजे स्प्रिंग वाकत नाही किंवा पट्टी जागेवरून सरकली आहे.

आधी सोपं कर. टोप्या सरळ वर ओढून काढता येतात, बहुतेकांना वर एक आणि खाली एक असे दोन भाग असतात. कोमट साबणाच्या पाण्यात भिजव. हौशी लोक कवळी धुवायच्या गोळ्या वापरतात, त्या माझ्याकडे आहेतच, हव्या तर पाठवतो. अक्षरं प्लॅस्टिकच्या आत रंग मुरवून उमटवलेली आहेत, घासून जात नाहीत. वाळवताना मात्र घाई नको, नळीच्या आत पाणी राहतं. त्या टोप्या निघाल्यावर आत काय काय निघेल याची तयारी ठेव: केस, स्टेपलरच्या पिना, झुरळांचे अवशेष, आणि प्रयोगशाळेतला असेल तर हमखास फरसाण.

टोपी परत बसवताना कीबोर्ड टेबलावर आडवा न ठेवता उभा धर आणि स्प्रिंग नीट टोपीच्या आत शिरते का बघ. निम्म्या मुक्या बटणांना एवढ्यानेच वाचा फुटते. बाकीच्यांसाठी खोका उघडावा लागेल. मागचे चार स्क्रू षटकोनी डोक्याचे आणि खोल भोकात आहेत, साडेपाच मिलिमीटरचा पातळ भिंतीचा लांब सॉकेट लागतो. उघडल्यावर लोखंडी पाठ तुझ्याकडे करून हलव. आत काही खुळखुळलं तर ते तुटलेले रिव्हेट, म्हणजे आतल्या प्लॅस्टिकच्या खुंटांची डोकी.

इथे माझा मघाचा मुद्दा अडखळतो. याच कंपनीने, याच काळात, कीबोर्डचा आतला गाभा उघडायचा नाही असं ठरवून बांधला. आधीच्या मॉडेल एफमध्ये विजेचा भार मोजून बटण ओळखणारा महागडा मामला होता, कितीही बटणं एकदम दाबली तरी प्रत्येक ओळखू येई. मॉडेल एम १९८५ च्या सुमारास आला तो पैसे वाचवण्यासाठी. नळ्यांच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्याला खाली पन्नासहून जास्त छोटे खुंट, ते रबरी चटई, पडदे आणि वाकवलेल्या लोखंडी पत्र्यातून आरपार काढलेले, आणि पलीकडे वितळवून चपटे केलेले. टोप्या निघतात, वायर निघते, पण गाभा बिघडला तर अख्खा बदला, असा हिशोब. वर्षं गेली की प्लॅस्टिक ठिसूळ होतं, खुंटांची डोकी उडतात, पत्रा सुटतो आणि बटणं गिळगिळीत लागतात. म्हणजे दर्शनी भागावर दुरुस्ती करणाऱ्याला पाट मांडणाऱ्यांनी कीबोर्डात मात्र त्याला दाराबाहेर ठेवलं. दोन वेगळ्या विभागांची दोन वेगळी मतं असणार, मोठ्या कंपनीत असं चालतंच. पण मग इथे आपण त्यांचं ऐकायचं नाही.

टोप्या सगळ्या काढून पट्टा पालथा ठेव, म्हणजे आतल्या पट्ट्या आपापल्या खाचांत राहतील. पातळ लवचिक फिती कंट्रोलरमधून सरळ, हळू ओढ. उरलेली डोकी धारदार छिन्नीने छाट, पत्रा उचल, पडद्यांचे थर काढ. कधी काळी चहा सांडला असेल तर इथे कळतं: चांदीसारख्या रेघा काळ्या पडलेल्या दिसतील. त्या फार खाल्ल्या गेल्या असतील तर पडदाच नवा लागेल. केंटकीतली युनिकॉम्प कंपनी आजही हीच जात बनवते, त्यामुळे भाग मिळू शकतात. पडदा ठीक असेल तर प्रत्येक खुंटाच्या जागी दीड मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाड. हातात धरायचा छोटा ड्रिल घे आणि बिट सरळ धर, तिरपा गेला की नळी फुटते. मग एम-२ चे आठ मिलिमीटरचे बोल्ट पुढून, नट मागून. पत्रा बाकदार आहे, म्हणून मधल्या ओळीपासून कडेकडे जा आणि पहिल्या फेरीत नट नुसते अडकव. खालच्या ओळीत काही ठिकाणी बोल्टाचं डोकं बसायला जागाच नाही, तिथे सोडून दे, चालतं. दर दहा-बारा नटांनंतर पट्टा उचलून सगळ्या स्प्रिंगा डोलतात का बघ. एखादी ताठ उभी दिसली तर तिची पट्टी चटईखाली चेपली आहे, पुन्हा सोडवावं लागेल. चिडशील. चीड, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बस.

जोडताना यंत्र बंद ठेव. हे कनेक्टर चालू यंत्रात घालायचे-काढायचे नाहीत, बोर्डावरचा फ्यूज उडतो आणि मग तू आठवडाभर कीबोर्डात दोष शोधत बसतेस.

पिवळेपणाबद्दल विचारलंस. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की जुनं प्लॅस्टिक पुन्हा पांढरं होतं, खरं आहे, मीही पाहिलंय. कधी चट्टे पडतात, कधी प्लॅस्टिक आणखी ठिसूळ होतं, आणि पुष्कळदा रंग परत उतरतो. पण माझा विरोध त्याहून सरळ आहे. पिवळ्या रंगाने यंत्राचं काही अडत नाही. जे अडतं ते दुरुस्त कर, बाकीच्याला साबणाचं फडकं पुष्कळ झालं. मालमत्तेच्या क्रमांकाचा स्टिकर, कोणीतरी बॉलपेनने खिडकीशेजारी लिहून ठेवलेला आकडा, हे काढू नकोस. तो आकडा ५५३ असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

खर्चाचं दादाला मी सांगतो, तू सांगू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
काका

ता. क. कीबोर्डच्या पोटाला जाळी असते. पीसीबरोबरच्या बहुतेक मॉडेल एममध्ये त्या जाळीमागे काहीच नसतं, पण आरएस/६००० च्या कीबोर्डात तिथे खराच स्पीकर बसवलेला असतो. खोका उघडताना त्याच्या दोन बारीक तारा आधी सोडव, मग वरचा भाग उचल.